रक्कम शून्य

ओळंबा अजून हलतोय. दोरी गाडीच्या नाकावरच्या चिन्हाच्या बरोबर मध्यावरून सोडलेली, खाली पितळेचं टोक फरशीपासून बोटभर वर, आणि ते काही केल्या थांबत नाही... पंखा बंद केला, शटर अर्धं ओढून घेतलं, तरी बाहेर खालापूरच्या रस्त्यावरून डंपर गेला की जमीन थरथरते आणि टोक पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. निलेश उकिडवा बसून आहे, हातात खडूचा तुकडा. इथे घाई करून चालत नाही. जमिनीवरची ही खूण एक सूत चुकली की तिच्यावरून मापून उभा केलेला समोरचा काळ्यापांढऱ्या चौकटींचा फळा चुकतो, आणि काचेमागचा कॅमेरा त्या फळ्याकडे बघूनच सरळ म्हणजे काय ते शिकतो – बिचारा, त्याला दुसरं कोण सांगणार? एका अंशाची चूक शंभर मीटरवर पावणेदोन मीटर होते. शेजारच्या लेनमधला ट्रक त्याला आपल्याच पुढ्यात दिसतो, आणि गाडी आपली आपण ब्रेक मारते. ट्रेनिंगला हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावर आम्ही हसलो होतो. कशाला हसलो होतो, ते आता आठवत नाही.

ओळंबा बापाचा. वर्कशॉपचा लेझर वर्षभरात बिघडला, तेव्हा जितेशशेठ म्हणाला, नवा कशाला, तुझा बाप गवंडी होता ना, त्याचं काहीतरी असेल घरी. होतं. मालोजी गवंडी म्हणून कर्जतपासून नेरळपर्यंत लोक ओळखायचे त्याला, आणि ओळखायचे ते एकाच गोष्टीसाठी: भिंत कलली असं दिसलं की हा गृहस्थ मालकाला कळायच्या आत स्वतःच पाडायचा, स्वतःच्या मजुरीवर पाणी सोडून, आणि घरी येऊन आईच्या शिव्या खायचा. आई म्हणायची, सूतभराने कोण मरतंय? बाप हात धुऊन पानावर बसायचा. जेवून झोपायचा.

सूतभराने कोण मरतंय!

शेठने सकाळीच केबिनमधून मान बाहेर काढून सांगितलं होतं, तो एसटीवाला म्हातारा येतोय दुपारी, कोर्टात तारीख आहे त्याची, ती आटपून येतो म्हणाला. तुलाच भेटायचंय म्हणे. आणि मग आवाज खाली आणून, जास्त बोलत बसू नकोस, चहा पाज आणि वाटेला लाव. निलेशने मान हलवली. तेव्हापासून त्याने डबासुद्धा उघडलेला नाही, आणि हातातली ही एकच गाडी दहा वाजल्यापासून चालली आहे, एवढ्यात दोन झाल्या असत्या.

म्हातारा म्हणजे सखाकाका. निलेशच्याच गावचे, तीन घरं सोडून. एकतीस वर्षं एसटी चालवली, विनाअपघात, त्याचा बिल्ला अजून भिंतीवर आहे. निवृत्त झाले, डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आणि मुलीने – रियाने – हट्टच धरला की गाडी घ्यायचीच तर अशी घ्या, जी स्वतः बघते, स्वतः थांबते. सखाकाका तिला ‘सरकारी गाडी’ म्हणायचे, सारखी सूचना देते म्हणून. आणि इंदूकाकी शेजारी बसून त्या सूचनांना हो गं बाई, ऐकलं गं बाई, अशी उत्तरं द्यायच्या. सगळं गाव हसायचं.

मग डंपरचा दगड उडून पुढची काच गेली, आणि गाडी इथे आली ती नेमकी खंडेनवमीला.

त्या दिवशी सकाळी पूजा मांडलेली. लाल कापडावर पाने, पकडी, जॅक, हवेची गन, मधोमध बापाचा ओळंबा, आणि मागे भिंतीला टेकवून तो चौकटींचा फळा, त्याला झेंडूची हातभर माळ, कपाळावर घालावं तसं कुंकवाचं बोट. काच पूजेआधीच बसवून झाली होती. पण एकदा हळदकुंकू वाहिलं की हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही. शेठ तर या बाबतीत आईपेक्षा कडक. कॅमेऱ्याचं काम बाकी म्हणून डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटलेला, आणि सखाकाका दारात उभे: दसऱ्याला गाडी दारात पाहिजे, पहिलाच दसरा तिचा, इंदूने हार सांगून ठेवलाय. किती लागतील त्या दिव्याचे? शेठ म्हणाला, साडेचौदा हजार. सखाकाकांनी आधी ऐकलंच नाही असं केलं. मग म्हणाले, काच बदलली, कॅमेरा तर तोच ना? मग त्याला पुन्हा शिकवायला साडेचौदा? मी आख्खा ड्रायव्हर शिकवला असता एवढ्यात. नको. तेवढा दिवा घालवा, इंदूला दिवे बघून धास्ती वाटते.

निलेश म्हणाला होता, काका, दसऱ्यानंतर आणा, करून घेऊ. म्हणालो होतो मी, खरंच म्हणालो होतो... पण कसं म्हणालो? जाता जाता, कापडाला हात पुसत, म्हणतात तसं.

पूजेत नव्हता तो गाडीला जोडायचा टॅब तेवढा. चार्जिंगला लावला होता म्हणून त्याला कुंकू लागलं नाही. शेठ म्हणाला, टॅब काय हत्यार आहे होय? पुसून टाक बिघाडाचा कोड. निलेशने पुसला. दिवा गेला. मग बिल निघेना – कॉम्प्युटर म्हणतो, कॅलिब्रेशनपुढे, म्हणजे कॅमेऱ्याला शिकवून झालं यापुढे, टिक करा, त्याशिवाय छापत नाही. शेठ म्हणाला, कर टिक, रकमेत शून्य टाक, चार दिवसांनी येतोच आहे तो. निलेशने टिक केली. कॅलिब्रेशन – पूर्ण. रक्कम – शून्य. तंत्रज्ञ – निलेश मालोजी. खाली सही. सगळ्याला मिळून एक मिनिटसुद्धा लागलं नाही, आणि त्या मिनिटात आपण काही वाईट करतोय असं वाटलंसुद्धा नाही, हेच तर... वाटायला नको होतं का काहीतरी? हात जड व्हायला नको होता?

दसरा गेला. फोन करायचा होता. कोजागिरी गेली. गावात दोनदा भेटले सखाकाका, एकदा दूध घेताना, एकदा देवळापाशी, दोन्ही वेळा तोंडावर आलं होतं आणि दोन्ही वेळा वाटलं, साडेचौदा हजारांचा विषय दुधाच्या रांगेत कसा काढायचा. दिवाळीनंतर बघू. भाऊबीजेला ते दोघं तळेगावला निघाले, इंदूकाकींच्या भावाकडे. टोलनाका ओलांडून पुढे, मधल्या लेनमध्ये, समोर रस्ता मोकळा, डाव्या लेनला एक कंटेनर, आणि गाडी एकाएकी जाग्यावर थांबली. मागून टेंपो. इंदूकाकींच्या मांडीवर ओवाळायचं ताट होतं.

नक्की काय झालं ते कुणालाच माहीत नाही, असं निलेश स्वतःला रोज सांगतो. सत्तरीला आलेला माणूस, पाय घसरला असेल, दचकला असेल. असेल की. पण रात्री पाठ टेकली की त्याला तो रस्ता दिसतो, आणि सखाकाकांच्या डोळ्यांनी नाही – काचेमागच्या त्या बावळट कॅमेऱ्याच्या डोळ्याने. डावीकडचा कंटेनर हळूहळू सरकत समोर येतो. दर वेळी समोर येतो. इंदूकाकींच्या तेराव्याला तो पंगतीत वाढत होता, आणि सखाकाकांच्या पानात भात वाढताना ते म्हणाले, बस रं. एवढंच. तेव्हापासून निलेश तीन घरं टाळून मागच्या बांधावरून घरी जातो.

शटरखालून आधी चपला दिसल्या. मग वाकून सखाकाका आत आले, अंगात स्वेटर, काखेत रियाने दिलेली प्लास्टिकची फाइल. निम्मे झाले आहेत. निलेशने स्टूल पुढे केलं. ते बसले नाहीत, आधी त्या हलत्या ओळंब्याकडे बघत राहिले. म्हणाले, मालोजीचा ना? मग बसले.

वकिलाने कागद परत दिले, असं सांगत होते. रियाने एक एक वाचून दाखवला. वकील म्हणत होता, गाडीवर ढकलता येतं का बघू, यंत्र बिघडलं होतं म्हणू. पण बिलावर तर लिहिलेलं, काम पूर्ण. मग कसं ढकलणार, आणि का ढकलायचं? पोलिसांनी विचारलं तेव्हा सांगता येत नव्हतं, पाय कधी दाबला ते आठवतच नव्हतं. अजून आठवत नाही. पण यंत्र ठीक होतं म्हटल्यावर उरलं कोण? पुढच्या तारखेला कबूल करून टाकणार आहेत. एकतीस वर्षं तोच पाय, असं म्हणून त्यांनी उजव्या पायाकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसं. मग फाइलमधून पाकीट काढलं.

“मी नको म्हनलो तरी तू केलंस,” ते म्हणाले. “आन पैसं बी लावलं नायस. मला तवा कळलंच नाय रं. हे साडेचौदा हायेत. इंदूला कुनाचं फुकट ठेवलेलं चालत नव्हतं.”

आता. आता बोल, भडव्या. केबिनमध्ये शेठ फोनवर हसत होता. बायको, पोराची फी, गावात तोंड दाखवणं, बापाचं नाव – सगळं एकदम डोक्यात आलं आणि एकदम गेलंही, आणि तोंडातून निघालं ते इतकं साधं निघालं की दुसरंच कुणी बोलल्यासारखं वाटलं.

“काका, मी ते केलं नव्हतं. नुसता दिवा घालवला. गाडी आपोआप थांबली असेल. तुमचा पाय नसेल.”

बोलला. झालं बोलून. इतक्या महिन्यांनी... त्याने डोळे मिटले नाहीत. मार बसेल, थोबाडीत बसेल, हे पाकीट तोंडावर बसेल, बसू दे, बरंच होईल.

सखाकाकांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी हात पुढे करून निलेशच्या ग्रीस लागलेल्या मनगटावर ठेवला.

“माजं मन राखतोस,” ते म्हणाले. “कागदावर तुजी सही हाय, बाळा. मालोजीनं कदी वाकडी भित ठेवली का? तू ठेवशील?”

निलेश म्हणाला, खरंच नव्हतं केलं. पुन्हा एकदा म्हणाला. पण दुसऱ्यांदा म्हणताना आवाज आपोआप मऊ झाला, समजूत घालताना होतो तसा, आणि ते त्याचं त्यालाही ऐकू आलं. सखाकाकांनी मान हलवली. रियापण असंच म्हणते, म्हणाले. सगळे चांगलेच आहात. पाकीट त्यांनी स्टुलावर ठेवलं, वर पाना ठेवला, उडू नये म्हणून. चहा नको म्हणाले, कर्जतची गाडी चुकेल. वाकले, शटरखालून गेले.

त्यांच्या मागे धावता येईल. स्टँड पाच मिनिटांवर आहे. टॅबमध्ये त्या दिवसाची नोंद असणार, कोड किती वाजता पुसला, फळ्याचं माप घेतलंच नाही, सगळं असणार; ते उघडून दाखवता येईल, वकिलाला देता येईल, पुढच्या तारखेला जाऊन उभं राहता येईल. माणसाच्या शब्दावर नाही बसला विश्वास, यंत्राच्या बसेल. निलेशने टॅबकडे पाहिलं. चार्जिंगला होता.

मी सांगितलं ना, त्याच्या मनात आलं. सांगितलं मी. दोनदा सांगितलं. त्यांनीच नाही ऐकलं.

आणि पोटातला गोळा, भाऊबीजेपासूनचा, सैल झाला. अगदी हळू. त्याला चक्क भूक लागली. डब्यात काय आहे ते त्याला आठवलं, वालाची उसळ आहे, आणि तोंडाला पाणी सुटलं. तो घाबरून तसाच बसून राहिला, ही भूक जाईल म्हणून वाट बघत. ती गेली नाही. फरशीपाशी ओळंबा केव्हाच थांबला होता. त्याने खडू टेकवला, हात जरासुद्धा हलला नाही, खूण बरोबर मध्यावर आली.

बरं वाटत होतं. देवा, मला बरं वाटत होतं.