राहून गेले

मार्गशीर्षातली सकाळ तलावावर सावकाश उतरत होती. धुके विरत होते, पाणी रुपेरी होत होते. शिंगाड्याची तांबूस-हिरवी पाने थंडीने काकडून एकमेकांना बिलगली होती, आणि सूर्य, अजून कोवळा, अजून तेजहीन, त्या पानांवर कसलीच घाई नसल्यासारखा पसरत होता.

काठावरच्या कौलारू घरात वासुदेव मारबते आले होते. जन्म या घरचा, आयुष्य नागपुरातले. चाळीस वर्षे त्यांनी नीतिशास्त्र शिकवले. माणसाने केले ते माणसाचेच. त्याला काळ, समाज, दैव असे दुसरे धनी लावू नयेत, हा एकच विचार ते चंदनासारखा उगाळत राहिले. त्यांचे केस पांढरे झाले, नजर मंदावली. विचार तेवढा झिजला नाही. म्हातारपणी त्याचा पाचशे पानांचा ग्रंथ झाला. ग्रंथ अर्पण केला होता धाकट्या बहिणीला, सायत्राला, आणि तोच द्यायला ते आले होते.

सायत्रा सत्तरीची. जाळ्याच्या दोरीने चिरलेली बोटे, उन्हाने रापलेले कपाळ, पाण्याकडे पाहून पाहून पाणीदार झालेले डोळे. अक्षर तिला दोन वर्षांपूर्वी भेटले, गावातल्या प्रौढांच्या वर्गात. मनात वाचणे अजून जमत नव्हते. शब्द ओठांवरून गेल्याशिवाय तिच्या आत येत नसे.

ती उंबऱ्याशी बसली. पान उघडले. बोट लावले.

"साय-त्रा-स. हि-ची बु-द्धी..."

भिंतीपलीकडून, उकडलेले शिंगाडे सोलता सोलता, शेजारची गिरजा ओरडली, "काय व सायत्राबाई, मॅट्रिकचा पेपर हाय का उद्या?"

"तू सोल गुमान! नापास झाली तं तुह्याच बाजूले येऊन बसतो."

हसू विरले. बोट पुढे सरकले, एका अक्षरावरून दुसऱ्यावर.

"हिची बुद्धी माझ्याहून तेजस्वी. परिस्थितीमुळे हिचे शिक्षण रा-हू-न गे-ले."

बोट थांबले.

"दादा, राहून गेलं म्हंजे? भाजीत मीठ राहून गेलं, तसं?"

वासुदेवराव हसले, आणि हसता हसता थांबले. सभागृहांत त्यांना प्रश्न विचारले गेले होते, विद्वानांनी, विरोधकांनी. हा विचारला नव्हता कुणी.

"आपोआप नसंल राहिलं," सायत्रा म्हणाली. "बानं नाही म्हटलं असंल. मले ठाव हाय. म्हणून मरेवरी मी त्याच्याशी धड बोलली नाही."

बाप मरून तीस वर्षे झाली होती. 'हो' म्हणणे सोपे होते. मेलेला माणूस ओझे नाकारत नाही. त्या एका 'हो'ने ग्रंथ तसाच राहिला असता, अर्पण तसेच राहिले असते, बहिणीच्या डोळ्यांतला भाऊ तसाच राहिला असता.

सायत्रा पानाकडे पाहत होती. ऊन उंबऱ्यावर आले होते.

"बानं नाही," ते म्हणाले. शहरातली भाषा त्यांच्या जिभेवरून गळून पडली. "मी. आपन लहान होतो तवा शाळेचे गुरुजी आले होते. म्हने, एका लेकराले आपल्या घरी ठेवून शिकवतो, पोरगी जास्त हुशार हाय, तिले पाठव. बा जाळं घेऊन गेला होता पाण्यात. मी दारात उभा होतो. मी म्हटलं, तिले शिकाचं नाही. तू तसं म्हटलं नव्हतं. मी खोटं बोललो."

ढगाची सावली जावी आणि पाणी तसेच राहावे, तसा सायत्राचा चेहरा राहिला.

"बाले शेवटचं पाणी म्या पाजलं, दादा. तोंड फिरवून पाजलं."

तिने ग्रंथ त्यांच्यापुढे सरकवला.

"लिव्ह. इथंच लिव्ह."

त्यांनी पेन काढले. परिस्थितीवर काट मारली. खाली मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिले, आणि पान तिच्याकडे फिरवले.

"मा-झ्या-क-डू-न खो-टे बो-ल-ले गे-ले." ती थबकली. "पुन्हा 'गेले' हाय यात, दादा. कोन गेलं?"

चाळीस वर्षांचा अभ्यास मान खाली घालून बसला. हात सवयीने लिहून गेला होता, आणि सवय चतुर होती. त्यांनी तेही खोडले. या वेळी पेन जड झाले, शाई सावकाश उतरली.

सायत्राने पुन्हा बोट लावले.

"मी खो-टे बो-ल-लो. सा-य-त्रा-ची शा-ळा बा-ने ना-ही, मी तो-ड-ली."

भिंतीपलीकडे सोलण्याचा आवाज बंद झाला. गिरजाने ऐकले होते; आता घाटावर, बाजारात, साऱ्या गावात ऐकले जाणार होते. हळू वाच, असे वासुदेवरावांना म्हणता आले असते. ते म्हणाले नाहीत.

तिने दुसऱ्यांदा वाचले. अक्षरे एकमेकांच्या जवळ आली.

तिसऱ्यांदा बोट लागले नाही. वाक्य सरळ आले, अखंड आले. उघड्या दारातून बाहेर पडले, घाटाच्या पायऱ्या उतरले, बाप जिथे जाळे धूत असे त्या काळ्या दगडावरून गेले, आणि पाण्यावर दूरवर, दूरवर पसरत राहिले.