कपाटामागच्या चाळीस चौकटी

मी एक जुनी चित्रकलेची वही आहे. मित्रांनो, माझा मुक्काम सध्या कपाट आणि भिंत यांच्यामधल्या चार बोटांच्या फटीत आहे. पाठीला ओल लागते, तोंडासमोर फळी. कूस बदलायलाही जागा नाही.

मला विकत आणलं ते आठवीतल्या ताईनं. तिच्या गटाला शाळेसाठी छोटा चित्रपट करायचा होता, सायकल शिकणाऱ्या एका आजीचा. शूटिंगच्या आधी प्रत्येक दृश्य चौकटीत काढून ठेवतात, त्याला स्टोरीबोर्ड म्हणतात. ताईनं माझ्या पानांवर चाळीस चौकटी आखल्या. आजी पहिल्यांदा एकटी सायकल चालवते ती चौकट तर तिनं तीनदा खोडून पुन्हा काढली. त्यात फक्त फिरणारं चाक आणि आजीची चप्पल होती. मैत्रिणी म्हणाल्या, "वही आहे म्हणून आपण आहोत!" मी फुलून गेले.

घरात एक रांगतं बाळही होतं. दिसला कागद की घाल तोंडात! आई डोळ्यांत तेल घालून त्याला जपायची. एकदा त्यानं माझा कोपरा चघळला आणि आईनं मला त्याच्या हातातून ओढून घेतलं. तुकडा घशात अडकला असता तर? तिनं मला कपाटावर टाकलं, पार मागे ढकलून. मी घसरले ती थेट खाली. बाळाच्या रडण्यात माझ्या पडण्याचा आवाज कोणाला येणार?

शाळेचा कॅमेरा एकच दिवस मिळणार होता, शनिवारी. शुक्रवारी संध्याकाळी शोधाशोध सुरू झाली.

"आई, वही कुठंय?"

"जपून ठेवलीय गं."

"पण कुठे?"

"तेच तर आठवत नाहीये!"

बाबा हसले. "मागे किल्लीसुद्धा अशीच पिठाच्या डब्यात जपली होतीस."

"तुम्ही बोलू नका, शोधा!"

बाबांनी कपाटावर हात फिरवला. "इथे नुसती धूळ आहे." मी त्यांच्या पायांपासून हातभर अंतरावर होते.

ताई रडली. मग नाक पुसून तिनं जुन्या कॅलेंडरची पानं उलटी पसरली. आई बाळाला कडेवर घेऊन शेजारी बसली. "चुकलंच माझं. सांग, पहिल्या चौकटीत काय होतं?"

ताईला तेवीस आठवल्या. चाकाची आठवली नाही. ती माझ्या पोटात होती आणि मला बोलता येत नव्हतं.

चित्रपट झाला. ताई घरी येऊन म्हणाली, "बाईंना आवडला. पण आजी सायकल शिकली केव्हा, ते कळलंच नाही म्हणाल्या."

आता मला कोणी शोधत नाही. रोज सकाळी झाडू फटीत येतो, माझ्या कडेला लागतो आणि परत जातो.

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू जपायला उचललीत, तर कुठे ठेवली ते आधी त्याला सांगा. आणि आज घरातलं एखादं कपाट मोठ्यांच्या मदतीनं जरा सरकवून बघा. मी तिथे नसेन, पण कोणीतरी नक्की असेल.