दोन देशांतली अर्धी शाल

मी एक जुनी शाल आहे, मित्रांनो. खरं सांगायचं तर अर्धीच. उरलेली अर्धी समुद्रापार, माझ्या जन्मगावी आहे.

मला मावशीने विणलं. सगळी विणकर गल्ली तिला मावशीच म्हणायची. गल्लीतले अकरा माग तेव्हा कामावाचून थांबले होते. अशात आपल्या परदेशातल्या वकिलातीतून एक व्यापार अधिकारी आला. तिकडच्या एका व्यापारी बाईंना पाचशे शाली हव्या आहेत, नमुना पसंत पडला तर काम तुमच्याच गल्लीला, असं त्याने सांगितलं. मावशीने सव्वा महिना खपून मला विणलं आणि कोपऱ्यात आपली खूण म्हणून तीन लाल गाठी मारल्या.

मग अधिकाऱ्याने कात्री मागितली. नमुन्याचे दोन तुकडे करायचे, दोन्हींवर लाखेची मोहर लावायची, एक विणकराकडे आणि एक वकिलातीत ठेवायचा, आणि माल आला की त्याच्याशी ताडून पाहायचा, अशी त्या व्यापाराची रीत होती. मावशीला काही कात्री देववेना.

तेव्हा तो म्हणाला, "तुमची खूण तुमच्याकडच्या तुकड्यात राहू द्या, मावशी. परक्या मुलखात कशाला? मोहर मात्र मोडू नका. काम द्यायला येऊ तेव्हा लागेल."

मावशीला ते आपुलकीचं वाटलं. मलाही वाटलं, आता लपवून काय उपयोग?

वकिलातीत माझी चैन होती. काचेचं कपाट, वर दिवा. राजदूत पाहुण्यांना माझ्यापुढे उभं करून दोन देशांच्या मैत्रीवर बोलत आणि मी अशी फुगायचे की काठ उसवायचेच बाकी राहत. त्या व्यापारी बाई आल्या, त्यांनी मला गालाला लावून पाहिलं आणि समोरच्या टेबलावर करारावर सही केली. चला, अकरा माग सुरू झाले, असं मी मनाशी म्हटलं.

आठ महिन्यांनी पहिला गठ्ठा आला. तो होता अधिकाऱ्याच्या साडूच्या कारखान्यातला. यंत्रावर विणलेला, हाताला खरखरीत. बाईंनी मला शेजारी ठेवलं, दोन्हींवरून हात फिरवला आणि विचारलं, "ही शाल विणणारी कोण? मला तिच्याशीच बोलायचं आहे."

अधिकारी शांतपणे म्हणाला, "हा मालही तिनेच पाठवलाय. हे लोक नमुन्यापुरतंच चांगलं विणतात."

माझ्या अंगावर त्या तीन गाठी असत्या, तर बाईंनी त्या मालावरही शोधल्या असत्या. पण गाठी मावशीकडे होत्या. कात्री मी सोसली होती, मित्रांनो. हे मात्र केसाने गळा कापणं होतं, आणि तेही माझ्याच साक्षीने. बाईंनी करार मोडला. त्या विणकरांचं नावही यापुढे माझ्याकडे काढू नका, असं बजावून त्या निघून गेल्या.

कपाटात आता काचेची फुलदाणी आहे. ज्या टेबलावर सही झाली, त्याचा एक पाय लंगडा आहे. माझी घडी करून मला त्याखाली सारलं आहे.

जुन्या वस्तू जपा, असं आमच्यासारख्यांनी शेवटी सांगायचं असतं. मला नाही जपलंत तरी चालेल. पण एखादी वस्तू आवडली तर ती कुणी केली ते विचारा, आणि उत्तर मधल्या माणसाकडून घेऊ नका.

मावशीला कुणी काहीच कळवलेलं नाही. तिने आपला तुकडा मोहर न मोडता जपून ठेवला असेल. काम द्यायला कुणी आलं, की तिला तो दाखवायचा आहे.