शाईखालची चीर

मी पुढचं चाक बोलतोय. स्पृहाच्या सायकलचं पुढचं चाक. आता मी तिच्या सायकलला नाही, आणि जिथे आहे तिथे नसतो तर फार बरं झालं असतं. म्हणून माझं ऐकून घ्या.

मी लोखंडाचा नाही, ॲल्युमिनियमचाही नाही. कार्बनच्या धाग्यांचे पापुद्रे एकावर एक बसवून, साच्यात भाजून मला घडवलं. टायर बसतो ती माझी कड, म्हणजे रिम, चांगली रुंद आणि काळीभोर. स्पोक मोजकेच. धातूच्या चाकाला मार बसला की ते वाकतं, शेंबड्या पोरालाही दिसतं. मला मार बसला तर आतल्या आत पापुद्रे सुटतात. वरून मी होतो तसाच देखणा.

स्पृहा शनिवार पेठेत राहते, वाघोलीच्या एका कॉलेजात शिकवते आणि रोज सायकलनेच जाते-येते. जुनी चाकं झिजली म्हणून ती दुकानात आली, तेव्हा माझ्या शेजारी पुष्कळ स्पोकांची एक चंदेरी जोडी टांगलेली होती. ती आधी तिथेच थांबली.

"रोज नगर रस्ता आहे," ती दुकानदाराला म्हणाली. "टिकाऊ हवीत. पण सायकलकडे बघावंसंही वाटलं पाहिजे."

"टिकाऊ ही, बघावीशी ती," दुकानदाराने माझ्याकडे बोट केलं. "दोन्ही हवं असेल तर एक पुढे लावा, एक मागे."

तिच्या धाकट्या भावाने, राजसने, मला हुकावरून काढलंच होतं. "ताई, हेच घे! काय कमाल दिसतंय!"

"नीट वापरलं तर टिकेल ना हो?"

"नीट वापरलं तर माणूसही टिकतो."

ती हसली आणि तिने मला घेतलं, मागच्या जोडीदारासकट.

तिने मला खरोखर नीट वापरलं. खड्डा दिसला की वळसा घालायची. गतिरोधकावर सीटवरून उठून माझ्यावरचा भार हलका करायची. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरची माणसं माझ्याकडे बघायची, आणि तिची मान जरा ताठ व्हायची. माझीही.

मग ती एका लग्नाला साताऱ्याला गेली. राजसने न विचारता सायकल बाहेर काढली. मित्रांबरोबर शर्यत लावली, एक हात हँडलवर आणि दुसऱ्या हातात मोबाइल. व्हिडिओ काढत होता. रस्ता पाइपासाठी खणून अर्धवट बुजवलेला होता. त्याची काँक्रीटची धार मला दिसली, त्याला दिसली नाही.

आदळताना माझ्या आत काहीतरी फाटलं. बाहेर फक्त एक ओरखडा, आणि ओरखड्यात केसासारखी चीर.

राजसचं कोपर सोललं होतं. त्याने आधी मला उचलून फिरवून बघितलं. मी सरळ फिरलो. त्याने चिरेवरून बोट फिरवलं, आणि बोट जरा थांबलं. घरी आल्यावर त्याने टेबलावरचा काळा मार्कर घेतला, ओरखडा रंगवला, फुंकर घालून वाळवला आणि मला उजेडात धरलं.

"दिसत नाही," तो स्वतःशीच म्हणाला.

ती परत आली आणि दुसऱ्या दिवसापासून मी आवाज करू लागलो. ती जोरात निघाली की टक. ब्रेक दाबला की टक. माझ्याकडे बोलायला तेवढंच होतं. स्पृहाने ऐकलं, नाही असं नाही. तिने पेडल घट्ट केलं, साखळीला तेल दिलं, मला कापडाने पुसलं. कापड नेमकं त्या शाईवरून फिरलं आणि पुढे गेलं. चीर रोज थोडी सरकत होती. येरवड्याच्या पुलावर आमच्या अगदी जवळून पाण्याचे टँकर जायचे, आणि माझ्या मनात एकच यायचं, आज नको, इथे नको.

एका शनिवारी संध्याकाळी ती टायरमध्ये हवा भरत होती. राजस दारात उभा.

"उद्या कुठे?"

"कात्रजचा जुना घाट. बोगद्यापर्यंत चढायचं, परत यायचं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "नको जाऊस, ताई."

"का रे?"

"ट्रॅफिक असतं."

आतून आईचा आवाज आला, "रविवारी सकाळच्या ट्रॅफिकची काळजी कुणाला, तर दहाला उठणाऱ्याला!"

स्पृहा हसली. तोही हसला. त्याचं तोंड पुन्हा उघडलं होतं, मी बघितलं. मग तो आत गेला आणि त्याने टीव्ही लावला.

चढताना काही झालं नाही. उतरताना वारा सुटला, ती खूश होती, काहीतरी गुणगुणत होती. मी टक टक टक करत होतो आणि वाऱ्यात ते तिला ऐकू येत नव्हतं. एका वळणावर तिने ब्रेक दाबला. माझी कड तडकली, टायर फुटला आणि हँडल तिच्या हातातून गेलं.

समोरून दुधाचा टँकर चढत होता. त्याचं चाक तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबलं. ड्रायव्हर उडी मारून उतरला. "ताई, हलू नका. हाय तिथंच पडून ऱ्हावा."

तिचा खांदा मोडला, मनगट मोडलं. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर तिने पहिली गोष्ट मागितली ती मी. मांडीवर घेऊन ती मला डाव्या हाताने चाचपत राहिली. ड्रेसिंगच्या स्पिरिटमध्ये तिने कापूस बुडवला आणि चिरेच्या कडेने फिरवला. कापूस काळा झाला.

राजस समोरच बसला होता. "मला वाटलं, वरचंच खरचटलंय."

"तसं वाटलं असतं," ती म्हणाली, "तर तू मला जाऊ नकोस म्हणाला नसतास."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

बरी झाल्यावर तिने चंदेरी चाकं घेतली. उन्हात ती छान चमकतात, मी पाहिलंय. मला देताना ती राजसला एवढंच म्हणाली, "याचे करवतीने तुकडे कर. अख्खं बाहेर जाता कामा नये."

"करतो," तो म्हणाला.

त्याने केले नाहीत. करवत शेजाऱ्यांकडून आणायची होती, त्यांनी कशाला म्हणून विचारलं असतं. त्याने मला अख्खंच भंगारवाल्याला देऊन टाकलं. तिथून मी जुन्या सायकलींच्या एका दुकानात पोचलो. तिथल्या माणसाने लांबी भरून चीर बुजवली, वर काळा रंग मारला, त्यावर चकचकीत वॉर्निश. आता मी दर्शनी हुकावर लटकतोय, आणि लोक थांबून बघतात.

आज एक मुलगी आली आहे. भाग्यश्री नाव तिचं, मैत्रिणीने हाक मारली तेव्हा कळलं. तिलाही रोज लांब जायचंय.

"टिकेल ना, दादा?"

"ओरखडा तरी दिसतोय का कुठे? बघा ना."

बघू नकोस, पोरी. वाजव. बोटाच्या पेराने माझ्या कडेवर टिचकी मारत एक पूर्ण फेरी घे. सगळीकडे मी खणखणीत वाजेन, एकाच जागी भद्द वाजेन. तिथे थांब, आणि मला परत हुकाला लाव. नाहीतर तू तरी करवत आण.

ती जवळ आली. तिने हात वर केला. मग खिशातून मोबाइल काढला, आणि हसून माझा फोटो घेतला.