शेवटच्या सीननंतर

जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बुद्धिबळाचा डाव अर्धवट पडून होता. खेळी बाबांची होती आणि बाबांना वेळ नव्हता. प्याद्यांवर धूळ बसली, घोड्याच्या कानाला कोळ्याने जाळं बांधलं. शेवटी आज लेकीने सोंगट्या डब्यात भरायला घेतल्या.

बाबा होते डबिंगवाले. परभाषेतल्या नटांना ते आपला आवाज देत. हल्ली सगळ्या नटांचं काम एकच: ऑफिसात मरमर मरायचं आणि शेवटी घरी धावत येऊन रडायचं. बाबांना ते रडणं इतकं साधलं होतं की बोलावणी संपत नव्हती. आणि म्हणूनच ते घरी दिसत नव्हते!

पट रिकामा होताना पाहून बाबा चपापले. लेकीपुढे गुडघे टेकून ओल्या आवाजात म्हणाले, "बाळा, मला माफ कर. मी जग जिंकायला निघालो आणि तुलाच हरवून बसलो!"

लेक खुदकन हसली. "बाबा, हे त्या विमानतळवाल्या सिनेमातलं आहे. बर्फवाल्यातही हेच होतं."

बाबांचा चेहरा पडला. भाजी निवडत बसलेली त्यांची आत्या म्हणाली, "अरे, तुझा हिरो शेवटच्या दहा मिनिटांत सुधारतो, की लागली 'समाप्त'ची पाटी. दुसऱ्या दिवशी तो वेळेवर घरी आला का, कोणी पाहिलंय?"

"आत्या, मी मनापासून बोललो गं!"

"असशील. पण पोरीला माफी कुठे हवी होती? तिला तुझी खेळी हवी होती."

बाबा उठले. मग त्यांनी स्टुडिओत फोन लावला. "आज येत नाही. आणि यापुढे संध्याकाळचं रेकॉर्डिंग नको." पलीकडून कोणीतरी कडाडलं. "मग दुसरा आवाज बघा," बाबा म्हणाले. "तुमच्या हिरोला कोणीही रडवेल."

लेकीने आठवून आठवून डाव पुन्हा मांडला. बाबांनी मोठ्या ऐटीत हत्ती सरकवला.

लेकीने लगेच वजीर पुढे केला. "शह! आणि मात!"

"अगं, हरलो की मी!" बाबा किंचाळले. इतका चिरका आवाज कुठल्या नटाला चालला असता?

"हे कुठल्या सिनेमातलं गं?" आत्याने विचारलं.

"कुठल्याच नाही, आजी. हे बाबाच आहेत!" लेक म्हणाली आणि नवा डाव मांडू लागली.

मित्रहो, घरात शेवटचा सीन नसतो. तिथे पश्चात्तापाचं एक भाषण ठोकून सुटका होत नाही. आपली खेळी करायला रोज हजर राहावं लागतं. आणि अधूनमधून हरावंही लागतं, हसत हसत!