सुतळी बांधलेली नळी

त्या उन्हाळ्यात माझ्या काचेच्या वर, ऊन अडवणाऱ्या झडपेमागे एक पत्र खोचलेले होते. रस्ता खडबडीत आला की ते हळूहळू खाली सरकत असे आणि ओरेस्त ते एका बोटाने पुन्हा वर ढकलत असे. वाचून वाचून ते त्याला पाठ झाले होते. उत्तर मात्र त्याने दिले नव्हते.

मित्रांनो, मी एक जुना, अवजड ट्रक आहे. स्वतःविषयी बोलायची मला सवय नाही आणि माझे बोलणे कुणाला ऐकावेसे वाटेल याची खात्रीही नाही. माझा बंपर वाकडा आहे. रंग हिरवा आहे, म्हणजे जिथे उरला आहे तिथे. तरीही त्या पत्राची हकिगत मीच सांगायला हवी, कारण ते माझ्यामुळे अनुत्तरित राहिले होते.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी रस्ते खात्याकडे गेलो. उन्हाळ्यात खडी वाहायची आणि हिवाळ्यात पुढे लोखंडी पाते लावून बर्फ हटवायचे, हे माझे काम. कडाक्याच्या थंडीतही मी पहिल्या फिरकीला सुरू होतो, असे माझा ड्रायव्हर सगळ्यांना सांगे. ते पूर्ण खरे नव्हते, रात्रभर मला विजेची तार लावून ऊब द्यावी लागे. पण तो सांगे तेव्हा मला बरे वाटे. पुढे नवे ट्रक आले आणि माझा लिलाव झाला. पीस नदीच्या उत्तरेला शेती करणाऱ्या ओरेस्त हनात्युकने मला गहू वाहायला घेतले. त्यानंतर त्याच्या शेतात पीक कमी येऊ लागले तसा मी कोठाराच्या आडोशाला जास्त उभा राहू लागलो. माझ्या चाकांभोवती गवत वाढले. सीटमधला कापूस उंदरांनी काढून नेला. मी तक्रार करत नाही. तिथून संध्याकाळी नदीच्या बाजूचे आकाश दिसत असे.

पत्र आले ते त्याच्या थोरल्या बहिणीचे, स्लाव्काचे. नवरा गेल्यापासून ती नदीच्या पलीकडे एकटी गाई सांभाळत होती. तिने लिहिले होते, 'या अंगाला यंदा पाऊस नाही, गवत उगवलेच नाही. तुझ्याकडे गवत आहे, ट्रक आहे, आणि बाबांचा ट्रेलरही तुझ्याच रानात उभा आहे. बर्फ पडायच्या आत दोन्ही भरून आणशील का? जमत नसेल तर कळव, म्हणजे मी गाई विकून टाकीन.'

अडचण अशी होती की मला माझे स्वतःचे हवेचे ब्रेक होते, पण मागच्या ट्रेलरपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्या नव्हत्या. सपाट रानात ट्रेलर ओढणे वेगळे. नदीवर उतरणारा घाट वेगळा. ब्रेक नसलेला, गवताने भरलेला ट्रेलर त्या उतारावर मागून ढकलू लागला असता, तर मला तो थोपवता आला नसता. आणि एकट्या माझ्या पाठीवर मावेल तेवढे गवत नेऊन गाईंचा हिवाळा निघाला नसता. ओरेस्तला हो म्हणता येत नव्हते आणि नाही म्हणवत नव्हते. असा माणूस पत्र झडपेमागे खोचून ठेवतो.

कापणी संपली तेव्हा त्याने व्हर्ना कार्डिनलला बोलावले. लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रक दुरुस्त करण्यात व्हर्नाचा जन्म गेला होता. तिने माझ्या दारावर थाप मारली.

"ए ओरेस्त, हा अजून जिवंत आहे? मला वाटलं, तू यात कोंबड्या पाळल्या असशील."

"उंदीर," ओरेस्त म्हणाला. "कोंबड्यांना पसंत पडला नाही."

ती माझ्याखाली शिरली. माझ्या पोटाखालून मागच्या टोकापर्यंत तिने दोन नळ्या नेल्या, जागोजागी पट्ट्यांनी चासीला बांधल्या, म्हणजे घासून फाटणार नाहीत. आत चालकासमोर एक लाल बटण आणि स्टिअरिंगजवळ फक्त ट्रेलरचे ब्रेक लावणारा एक छोटा दांडा बसवला. ट्रेलर तुटून सुटला तरी माझी हवा निसटू नये म्हणून एक व्हॉल्व्ह लावला. मागच्या दोन तोंडांपैकी एक लाल रंगवले, एक निळे. इतक्या वर्षांत माझ्यासाठी कुणी नवा भाग आणला नव्हता.

"नीट ऐक," व्हर्ना हात पुसत म्हणाली. "लाल नळी पोटाची, निळी निरोपाची. लालमधून ट्रेलरच्या टाकीत कायम हवा जाते. तू ब्रेक दाबलास एवढा निरोप निळीतून जातो. पोट रिकामं असेल तर निरोप ऐकून तो करणार काय?"

"आणि उलट्या जोडल्या तर?"

"नवा ट्रेलर असता तर जागचा हललाच नसता. तुझ्या बाबांच्या या म्हाताऱ्याला चाकं आपोआप धरणाऱ्या स्प्रिंगा नाहीत. तो गुपचूप मागं मागं येईल, आणि घाटात तुझ्या आधी पुलावर पोचेल."

ओरेस्त हसला नाही.

"म्हणून निघायच्या आधी, इथं अंगणातच लाल बटण बाहेर ओढायचं आणि ट्रक हळूच पुढं घ्यायचा. लालमधली हवा तुटली की ट्रेलरनं टाकीतल्या हवेनं चाकं घट्ट धरली पाहिजेत. धरली तर ब्रेक आहेत. कळलं?"

"कळलं."

"तू कळलं म्हणतोस ना, तेव्हाच मला भीती वाटते." तिने आपली हत्यारे गोळा केली. दुसऱ्या दिवशी ती मूस हरणाच्या शिकारीला रानात जाणार होती. जाताजाता तिने विचारले, "स्लाव्काला काही कळवलंस का? मंगळवारी दुपारी तिच्याकडे गुरांचा व्यापारी येतोय. माझा भाचा त्याची गाडी चालवतो."

"आधी गाडी तयार होऊ दे. मग कळवतो."

"म्हणजे गाई गेल्यावर," व्हर्ना म्हणाली आणि निघून गेली.

ओरेस्तने मग आणखी दिरंगाई केली नाही. सोमवारी दिवसभर त्याने गवताचे गठ्ठे चढवले, माझ्यावर आणि ट्रेलरवर. मंगळवारी सकाळी त्याने ट्रेलर जोडला. ट्रेलरच्या नळ्यांचा रंग केव्हाच उडाला होता. फक्त एका नळीला गठ्ठे बांधायची सुतळी गुंडाळलेली होती. ओरेस्त ती बघून थबकला, आणि त्याचा चेहरा उजळला.

"बाबांची खूण," तो पुटपुटला. "हवा भरायची नळी ही." सुतळीची नळी त्याने माझ्या लाल तोंडाला जोडली. दुसरी निळ्याला.

नंतर तो आत येऊन बसला आणि हात मांडीवर ठेवून गप्प राहिला. त्याच्या घरी युक्रेनहून आलेली ती रीत आहे, लांबच्या वाटेला निघण्यापूर्वी घडीभर शांत बसायचे. एकदा बसून उठले की निघायचे, मागे वळायचे नाही. तो बसलेला असतानाच काचेवर पहिले बर्फाचे कण आपटले. त्याने घाईने मला सुरू केले, आणि आम्ही फाटकाबाहेर पडलो.

लाल बटण ओढून बघायचे राहून गेले.

मित्रांनो, मला तेव्हाच काहीतरी खटकले होते. मी हवा मागे पाठवत होतो, पण ती कुठे साठते आहे असे वाटत नव्हते. कुणाशी बोलावे आणि पलीकडून हूं की चूं येऊ नये, तसे ते होते. पण मी नवशिका होतो. ट्रेलरला हवा देणे मला नवे होते. मला वाटले, हे असेच असत असेल. आणि सांगायचे म्हटले तरी मला वाचा कुठे होती?

रस्ता सपाट होता, ब्रेकला पाय लावायची वेळ आली नाही. बऱ्याच अंतरावर ओरेस्त एकाएकी ताठ झाला.

"बटण," तो म्हणाला.

त्याने मागे पाहिले, पुढे पाहिले. मागे वळणे म्हणजे अपशकुन. पुढे व्यापारी तिच्या अंगणात पोचायच्या बेतात. बर्फ दाट होऊ लागले होते आणि ते साचले की घाट बंद. त्याने वेग कमी केला नाही. मला माझ्या मागचे सारे वजन जाणवत होते, आणि त्या वजनाला कुणाची आज्ञा नव्हती.

घाटमाथ्यावर ब्रेक तपासायला गाड्या उभ्या करण्याची मोकळी जागा आहे. ती जवळ आली. ओरेस्तचा पाय वेगाच्या पेडलवरून हलेना. ती निसटणार, असे मला वाटले. मग त्याने एक सुस्कारा टाकला आणि शेवटच्या क्षणी मला तिच्यात वळवले. थांबताना ट्रेलरने मला मागून हलकासा धक्का दिला.

त्याने लाल बटण ओढले, गिअर टाकला आणि क्लच अलगद सोडला. ती जागा किंचित चढती होती, भार मोठा होता. मला जोर लावावा लागला.

"धरलंय," ओरेस्त म्हणाला. "बघ, किती जड जातंय. धरलंय."

धरले नव्हते. ते नुसते गवताचे वजन होते. मी किती प्रयत्न केला म्हणून सांगू, थरथरलो, खडखडलो. पण जुना ट्रक खडखडला तर कोण लक्ष देतो? त्याचा हात बटण पुन्हा आत ढकलायला निघाला. समोर रस्ता सरळ नदीत उडी घेतल्यासारखा खाली जात होता.

तेवढ्यात तो थांबला. त्याची आई सांगे की वाटेत अडून पुन्हा निघायची पाळी आली, तर आधी आरशात पाहावे, म्हणजे अपशकुन उतरतो. साठी उलटलेला माणूस, आजूबाजूला कुणी नाही, तरी तो ओशाळल्यासारखा झाला आणि त्याने माझ्या डावीकडच्या आरशात पाहिले. स्वतःचा चेहरा त्याला दिसलाच नाही. दिसले ते ट्रेलरचे चाक. त्याच्या कडेला चिकटलेला चिखलाचा गोळा सावकाश वर आला, पलीकडे गेला, आणि पुन्हा वर आला.

चाक फिरत होते.

ओरेस्तने मला करकचून थांबवले. मग तो उतरला, मागच्या चाकांना दगड लावले, आणि थंडीने बधिरलेल्या बोटांनी दोन्ही नळ्या काढून आलटून पालटून जोडल्या. आत येऊन त्याने बटण दाबले. या वेळी हवा मागे गेली ती जातच राहिली. हवेचा दाब दाखवणाऱ्या माझ्या काट्याने खाली मान घातली, कंप्रेसर दमेपर्यंत चालला, आणि मागची टाकी हळूहळू भरली. पोट भरल्याचे मला इकडे कळले.

दगड काढून त्याने बटण पुन्हा ओढले आणि मला पुढे घेतले. मी इंचभरही हललो नाही. मागून कुणीतरी माझा सदरा घट्ट धरावा तसे झाले. ओरेस्तने तरीही आरशात पाहिले. चिखलाचा गोळा जागच्या जागी होता.

मग आम्ही उतरलो. खालच्या गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगाने. वळणावर त्याने पेडल दाबले की माझा निरोप मागे जाई आणि ट्रेलर लगेच ऐके. तरी बर्फाखाली रस्ता कुठे निसरडा आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हते. एका वळणावर माझे मागचे चाक कठड्याकडे सरकले. ओरेस्तने मोठ्या ब्रेकला पाय न लावता फक्त छोटा दांडा ओढला, ट्रेलर मागून ताणला गेला, आणि मी सरळ झालो. त्यानंतर पूल आला. पुलावर तो काही पुटपुटला. ती प्रार्थना होती की व्हर्नाला दिलेली शिवी, मला कळले नाही.

स्लाव्काच्या अंगणात व्यापाऱ्याची लांब गाडी गोठ्याला पाठ लावून उभी होती. स्लाव्का बाहेर आली. तिने गवताकडे पाहिले, भावाकडे पाहिले, मग व्यापाऱ्याकडे वळून म्हणाली, "आज विकायचं काही नाही हो. आलाच आहात तर बिटाचं गरम बोर्श्ट पिऊन जा."

आणि ओरेस्तला म्हणाली, "जून महिन्यात पत्र टाकलं मी."

"मिळालं होतं."

"मला वाटलं, मेलास."

"नळ्या नव्हत्या, स्लाव्का. काय कळवणार होतो?"

"नळ्या नाहीत असं कळवायचं. मी रोज पत्रपेटी उघडत होते. पोस्टातली बाई माझ्याकडे बघून हळहळायला लागली होती." ती ट्रेलरभोवती फिरली. "या बर्फात घाट कसा उतरलास?"

त्याने सगळे सांगितले. तो बाबांच्या खुणेवर आला तेव्हा ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ही सुतळी? अरे, ही मी बांधली होती. नळी जमिनीवर घासत होती म्हणून. बाबांनी कसली खूण केली? त्यांनी तर कधी ब्रेक दाबला नाही."

ओरेस्त पायरीवर बसला आणि खूप हसला. हसता हसता त्याने डोळे पुसले. स्लाव्का आत गेली आणि त्याच्यासाठी ताट वाढून घेऊन आली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्रांना नवा रंग नको असतो. घाटाच्या अलीकडे थांबून आम्हाला एकदा ओढून बघा, एवढेच मागणे आहे. आपण दिलेला निरोप मागच्यापर्यंत पोचतो की नाही, हे आधीच पाहून ठेवा. न पोचलेला निरोप आणि न दिलेला निरोप, मागे असणाऱ्याला दोन्ही सारखेच.

निघताना ओरेस्त म्हणाला, "शनिवारी आणखी एक खेप आणतो."

"तोंडी नको," स्लाव्का म्हणाली. "पत्राला पत्र पाहिजे."

परतीच्या वाटेवर त्याने मला गावातल्या पोस्टासमोर उभे केले. झडपेमागचे पत्र काढले, ते मांडीवर ठेवून शेजारी कोरा कागद धरला आणि किती वेळ लिहीत बसला. ओळी फार झाल्या नाहीत. 'स्लाव्का, तुझं पत्र मिळालं. गवत आणतो. ओरेस्त.' त्याने पाकीट बंद केले, तिकीट लावले, रस्ता ओलांडला आणि पेटीत टाकले. पेटीचे झाकण त्याने दोनदा उघडून बघितले, आत पडले ना.

मग तो परत आला. झडपेमागे आता काहीच नव्हते.