जलगुरूंचा लाल किरण

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर दोन पेले होते, एकात साधं पाणी, दुसऱ्यात जलगुरूंनी मंतरलेलं. दिवे मालवून जलगुरूंनी हातातली नळी रोखली. साध्या पाण्यात काहीच दिसेना. मंतरलेल्या पाण्यातून मात्र लालभडक रेघ आरपार गेली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"इन्फ्रारेड लेझर!" जलगुरू गरजले. "नळाच्या पाण्याचे रेणू विस्कळीत. माझे मात्र हातात हात घालून उभे! असं पाणी पोटात गेलं की औषधाची गोळी लाजून पळते!"

गोळी लाजली तर इंजेक्शनने काय करावं, कोण जाणे. शेजारी भावजींबरोबर बसलेल्या माझ्या ताईने ह्या माणसाच्या शब्दावर इन्सुलिन बंद केलं होतं. तिच्या घशाला सारखी कोरड पडत होती आणि ती तेच पाणी घटाघटा पीत होती. मी विरोध केला की म्हणायची, "अगं, तुझाच तर शोध आहे हा!"

मंचामागच्या पडद्यावर झळकणारा पाण्याच्या रेणूंचा आलेख खरंच माझ्या प्रयोगशाळेतला होता. वर्तमानपत्रात आला होता, तिथून ह्यांनी उचलला.

"त्या शास्त्रज्ञ बाई इथेच आहेत!" जलगुरूंनी मला हेरलं. दोन सेवकांनी मला जवळजवळ उचलूनच मंचावर नेलं. "एकच सांगा बाई, आलेख तुमचा? हो की नाही?"

"हो, पण..."

माईक काढून घेतला गेला. ताई कौतुकाने टाळ्या वाजवत होती. तिला सोडवायला आले आणि मीच बाहेरून कडी लावली. मला रडू फुटायचंच बाकी होतं.

माझं लक्ष पुन्हा त्या रेघेकडे गेलं. आमच्याकडे नवीन विद्यार्थी पहिल्या दिवशी लाल उजेड शोधत बसतात. आमचा किरणही इन्फ्रारेडच, पण तो दिसत नाही. वाटेत उष्णतेने रंग बदलणारा कागद धरतो, तेव्हा कळतं तो कुठे पडलाय.

"ताई, इन्फ्रारेड डोळ्यांना दिसतच नाही!" मी ओरडले. "भावजी, चहाच्या टेबलावरचं दूध आणा!"

"अपवित्र करू नका!" जलगुरू किंचाळले, पण भावजी दूध घेऊन पोचलेही होते. साध्या पाण्यात मी एक थेंब टाकला आणि पेल्यांशेजारी तशीच चालू राहिलेली नळी त्यावर रोखली. तश्शीच लाल रेघ उमटली.

"दुधाचे कण प्रकाश उधळतात, म्हणून रेघ दिसते. ह्यांच्या पेल्यातही असंच काहीतरी मिसळलंय. आलेख माझाच आहे. पण तो निर्वात नळीत, विद्युतभारित आयनाभोवती गोळा केलेल्या पाण्याच्या मोजक्या रेणूंचा आहे. किरण लागला की एखादा रेणू सुटतो, त्यावरून त्यांची बांधणी कळते. पेल्यातले रेणू तर क्षणोक्षणी जोडीदार बदलतात! आलेख कोणाचा एवढंच विचारू नका. कशाचा आहे, तेही विचारा."

मंतरलेल्या पाण्याच्या बाटल्या घ्यायला लागलेल्या रांगेतून अर्धे लोक तरीही हलले नाहीत. ताई मात्र उठून माझ्याजवळ आली.

"मग माझी साखर आता किती असेल गं?"

भावजी काळजीपोटी साखर मोजायचं मीटर खिशातच घेऊन फिरत होते. तिने स्वतःहून बोट पुढे केलं. मीटरवर आकडा आलाच नाही, साखर त्याच्या मोजण्यापलीकडे गेली होती. भावजींनी आणि मी तिला धरून दाराकडे नेलं.

रांगेतल्या एका बाईने माझा पदर ओढला. "आमच्या ह्यांचंही औषध बंद केलंय मी. आता काय करू?"

"बाटली इथेच ठेवा," मी म्हटलं, "आणि त्यांना घेऊन आत्ताच्या आत्ता आमच्याबरोबर दवाखान्यात चला."